शेवाळी हिरव्या टोपल्या

३ मार्च, मंगळवार

धाकटे,

सगळ्यांत आधी कोण आलं असेल? शिंपीण! तोंडात टाचण्या तशाच, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात नवऱ्याची. नात दुपारी बाराला बसमधून उतरली आणि साडेबाराला आमच्या ओट्यावर अर्धी गल्ली. शिंपिणीच्या मागोमाग टोपलीवाला आला, तो तर अंगणापलीकडेच बसतो, त्याला काय, मान वळवली की आला. मग खालची बहिरी. तिला ऐकू येत नाही, पण बघायला कान कशाला लागतात.

शिंपीण टाचण्या काढून म्हणाली, "आजी, ही तुमची नात का हो?"

म्हटलं, "नाही, टपालाने आलीय."

तेवढ्यात पोरीने तोंडावरचा रुमाल काढला. काय सांगू तुला. डावा डोळा असा सुजलाय की आत डोळा आहे का ते बोट लावून बघावं. ओठ फाटलेला, टाके कच्चे घातलेले, काळ्या दोऱ्याची टोकं बाहेर. शिंपीण म्हणाली माझी शिकाऊ मुलगी याहून बरं शिवते. डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. आणि कानाच्या वर मूठभर केस मुळासकट गेलेले, तिथे कातडी गुलाबी, तान्ह्या बाळाची असते ना तशी. ही तिसरी वेळ आहे म्हणे. पहिल्या दोन वेळी मला कळवलं नाही. मला वाटायचं पोरगी संसारात रमली.

तर हे असं. आणि मला काय झालं सांगू? आनंद झाला गं! तू म्हणशील म्हातारी सटकली. पण अडीच वर्षं तिच्या नवऱ्याने, त्या रंगाऱ्याने, तिला माझ्या दारात पाठवलं नाही. तिची आई गेली तेव्हापासून ही माझ्याच हाताखाली वाढलेली, आणि नातजावई निघाला असा. आता ती माझ्या खाटेवर झोपते, घोरते, आणि मी भिंतीला चिकटून पडते. सकाळी उठून बघते तर अजून आहे. रोज आहे!

टोपल्यांचं सांगायचं राहिलंच. टोपलीवाल्याकडे झाकणाच्या तीस टोपल्या पडून होत्या, कांदे-बटाटे, गोधड्या, काय वाटेल ते ठेवायच्या. साध्या, वेताच्या. लोकांना आता प्लास्टिकचे डबे लागतात. पोरीने चौथ्या दिवशी त्यातली एक पायात धरली, म्हणाली आजी, रंग आणून दे. हात एकच, म्हणून आम्ही असं करतो: पालथ्या पातेल्यावर टोपली ठेवायची, मी ती गरागरा फिरवते आणि ती ब्रश एका जागी धरून बसते. पट्टा असा सरळ येतो की मशीनने मारलाय म्हणावं. वीण रंग पिते फार, पहिला हात तर दिसतच नाही, नुसता गिळते. दुसऱ्या हाताला बसतो. खाली पांढरा, वर दोन पट्टे, आणि झाकणाला एक हिरवा लावते, शेवाळ्यासारखा. त्यात ती चमचाभर तपकिरी आणि थेंबभर लाल घालते. मी असा हिरवा जन्मात बघितला नाही.

बारा टोपल्या तुझ्या दुकानात पाठवतेय. तो रंगारी तुझ्याच गावात असतो हे मला कळतं, पण तुझं दुकान पार दुसऱ्या टोकाला, आणि तो काय टोपल्या घ्यायला येणार आहे? नात इथे आहे हे कोणाला बोलू नकोस. पत्रच लिही. तिने फोन पुलावरून खाली टाकला, आणि माझ्याकडे कधी नव्हताच.

तुझी ताई


११ मार्च

ताई,

टोपल्या पोचल्या. एकीचं झाकण वाटेत चेपलं होतं, पाण्याचा हात लावून सरळ केलं.

पोरीचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तुला आनंद होतो आणि मला थरकाप, आपलं लहानपणापासून असंच आहे. शाळेत तू मारामाऱ्या करायचीस आणि घरी येऊन मी रडायचे.

तो शोधतोय तिला. इथे सगळ्यांना माहीत झालंय. बसस्टँडवर त्याने कंडक्टरची कॉलर धरली, ती कुठल्या बसमध्ये चढली सांग म्हणून. कंडक्टर म्हणाला मी दिवसाला पाचशे तोंडं बघतो. तर त्याचं तोंड त्याने तिकिटाच्या खिडकीच्या गजावर आपटलं, तीनदा. खाली रक्ताचं थारोळं. लोक रांगेत उभे राहून बघत होते, रांग कोणी सोडली नाही. संध्याकाळी तोच रंगारी शाळेच्या भिंतीवर फुलपाखरं काढत होता, शिट्टी वाजवत. हे माझ्या गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहिलं.

तुझ्या टोपल्या मात्र चार दिवसांत नऊ गेल्या. गंमत म्हणजे सगळ्यांना हिरव्या झाकणाचीच हवी. एक बाई म्हणाली, अगदी आमच्या खिडक्यांचा रंग आहे हो, जुळेल. दुसरी म्हणाली आमच्या जिन्याच्या कठड्याचा. मलाही तो कुठे तरी पाहिल्यासारखा वाटतो. असं असलं की माल खपतो, ओळखीचं वाटलं की माणूस हात लावतो. आणखी पाठव. दर्शनी खिडकीत मांडते.

पोरीला म्हणावं, डोळ्यावर गार पाण्याची पट्टी ठेव.

धाकटी


१६ मार्च

धाकटे,

नऊ! मी गल्लीभर सांगून आले. टोपलीवाला तर इतका फुशारला की काल स्वतःच्याच बोटात सुरी घुसवून घेतली.

पोरीचा डोळा उघडला. आत लाल आहे सगळं, पण दिसतं. ती आता बोलते, पण टोपली फिरत असली तरच. मी थांबले की ती थांबते. म्हणून मी फिरवतच राहते, हात भरून येतात. परवा असंच फिरवता फिरवता मनगटाचं सांगितलं. कपाटाचं दार होतं लोखंडाचं. त्याने तिचा हात चौकटीवर ठेवायला लावला. लावला म्हणजे, ठेव म्हणाला आणि तिने ठेवला. मग दार लावून घेतलं. लागलं नाही म्हणून पुन्हा उघडून लावलं. का, तर त्याच्या ब्रशाने तिने डब्याला रंग दिला होता, धुवून ठेवला नव्हता.

मी म्हटलं, "ठेवलास कशाला गं हात?"

तर म्हणाली, "आजी, नाही ठेवला तर डोकं धरायचा."

मी टोपली इतक्या जोरात फिरवली की पट्टा उडाला आणि भिंतीवर गेला. ती हसली! ओठाचा टाका तुटला हसताना, रक्त आलं, तरी हसत होती. मग मी तिला तुझ्या भावजींची गोष्ट सांगितली. तुला माहीत नाही ती. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात त्यांनी माझ्यावर हात उचलला, एकदाच. मी दुधाचं भांडं उतरवत होते, उकळतं. ते मी त्यांच्या मांडीवर उतरवलं. कातडी सालासारखी निघाली होती. तीन आठवडे मीच मलम लावलं, रोज दोन वेळा, फुंकर घालून. त्यानंतर चाळीस वर्षं आम्ही सुखाने राहिलो, फार चांगला माणूस. तुला तेव्हा सांगितलं होतं की पातेलं निसटलं. निसटलं नव्हतं.

कुठल्या कुठे गेले. तर पंधरा टोपल्या पाठवतेय. या वेळी पट्टे लावताना कागदी चिकटपट्टी लावून बघितली, ओढून काढली की कड अशी सुरीने कापल्यासारखी. सहा टोपल्यांचं बूड रंगात बुडवून काढलंय, हा माझा शोध! परात भरून रंग घ्यायचा आणि टोपली आंघोळीला बसवायची. हिरवा तोच आहे, तुझी गिऱ्हाइकं मागतात म्हणून सगळ्यांना लावला. मी तिला विचारलं, हा हिरवा शिकलीस कुठे? म्हणाली, "माहीत नाही, हात आपोआप तोच कालवतो."

शिंपिणीने पोरीला स्वतःचा जुना कोट दिला. आत खिसा शिवून दिलाय. कात्री बसते त्यात.

ताई


२ एप्रिल

ताई,

अक्षर वाईट आहे, समजून घे. मी स्टुलावरून पडले. वरच्या फळीवरचे डबे काढत होते. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. डाव्या हाताने लिहितेय.

टोपल्या पोचल्या. पण आता पाठवू नकोस. हिरव्या तर मुळीच नको. हिरवा चालत नाही आता.

एक सुचवू का? पोरीला थोडे दिवस दुसरीकडे ठेव. हवापालट होईल. टोपलीवाल्याची बहीण लांब असते ना कुठे? तिथे. तुझ्याकडे नको. कारण काही नाही, आपलं मनात आलं.

फार लिहवत नाही.

धाकटी


६ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र आलं आणि मी तुला खूप बोलले. इथे बसून, मोठ्याने. या वयात स्टुलावर चढायला काय झालं होतं, दुकानात एक माणूस ठेवता येत नाही का, आणि हिरवा चालत नाही म्हणजे काय, विकायची अक्कल नाही म्हण. असं सगळं पोरीला वाचून दाखवत होते, मध्ये मध्ये तुला शिव्या घालत. ती झाकणावर ठिपके देत होती, स्पंजच्या तुकड्याने.

स्टुलापाशी आल्यावर ती म्हणाली, "आजी, पुन्हा वाच."

वाचलं.

स्पंज तिच्या हातातून पडला नाही, तिने तो दाबला. सगळा रंग पिळून मांडीवर. म्हणाली, "मी पण स्टुलावरूनच पडले होते. तिन्ही वेळा. दवाखान्यात तेच सांगितलं, शेजारी तेच सांगितलं. आमच्या घरात स्टूल नाहीच आहे."

मग तिने टोपलीच्या झाकणाकडे बघितलं. आणि ते उचलून लांब भिरकावलं. तो हिरवा त्याचा आहे, धाकटे. तो स्वतः कालवतो, डब्यावर असा मिळत नाही, दुसऱ्या कुठल्या रंगाऱ्याला येत नाही म्हणून मिरवतो. तुझ्या गावातल्या निम्म्या खिडक्यांना त्यानेच लावलाय. पोरीने अडीच वर्षं त्याचे डबे कालवले. सगळं टाकून पळून आली, फोन टाकला, अंगावरचा शर्टसुद्धा जाळला, आणि हाताने इथे येऊन त्याचाच रंग कालवला! आणि मी शहाणी, परातीत बुडवून बुडवून तुझ्याकडे पाठवला. आणि तू शहाणी, तो खिडकीत मांडलास. तिघींत मिळून एकीलाही डोळे नाहीत.

खरं काय झालं ते लिही. मी काही घाबरत नाही. माझं वजन त्रेचाळीस किलो आहे, पण ते सगळं रागाचं आहे.

पोरीला विचारलं, जातेस का टोपलीवाल्याच्या बहिणीकडे? म्हणाली नाही. म्हणाली, "आता इथून पुढे कुठे पळत राहू, मला पट्टे मारायचेत." तिच्या प्लास्टरला कात्री लावून ते काल शिंपिणीनेच काढलं. हात काठीसारखा झालाय बारीक, पण मूठ वळते. ती दिवसभर मूठ वळत बसते. वळते, उघडते.

हिरव्याचा डबा मी गटारात ओतला. गल्लीतल्या बदकांची पोटं हिरवी झाली, बहिरी हसतेय तेव्हापासून.

ताई


९ एप्रिल

ताई,

हे पत्र त्याच्या आधी पोचू दे.

खरं लिहिते. मार्चच्या तीस तारखेला समोरच्या दुकानाचं शटर रंगवायला तो आला. दुपारी रस्ता ओलांडून आत आला, हात पुसत, अगदी सभ्यपणे. मावशी, ही टोपली बघू का, म्हणाला. झाकण उन्हात धरलं, नखाने खरवडलं, नख जिभेला लावलं. मग दुकानाचं दार आतून लावून घेतलं. म्हणाला, "हा माझा आहे."

मी म्हटलं, फेरीवाल्याकडून घेतल्या. त्याने माझा हात गल्ल्याच्या लाकडावर पालथा ठेवला आणि करंगळी मागे मोडली. आवाज येतो ताई. वाळक्या काडीचा. मी म्हटलं सांगते, सांगते, आणि उत्तरेकडच्या एका गावाचा पत्ता सांगितला, जिथे मी कधी गेलेही नाही. त्याने दुसरं बोट मोडून पुन्हा विचारलं, खरं ना? मी म्हटलं खरं. तो गेला. जाताना शटरचं काम पूर्ण करून गेला.

मला वाटलं, बसेल तिथे शोधत. तुम्हाला घाबरवायला नको म्हणून स्टूल लिहिलं. आणि खरं सांगू, लाजही वाटली. कशाची ते माहीत नाही. मार खाल्ल्याची लाज कशी काय वाटते गं?

काल तो परत आला. भाऊ बरोबर होता. भावाने मला खांद्याने धरलं आणि त्याने एक एक टोपली माझ्यासमोर पायाखाली घेतली. नऊ होत्या शिल्लक. वेत मोडताना बघवत नव्हता, प्रत्येकीवर तुझं फिरवणं आणि तिचा पट्टा. मग माझं तिसरं बोट धरलं. मोडलं नाही. नुसतं धरलं. आणि मी सांगितलं. गल्ली, जिना, टोपलीवाला, सगळं. तो विचारत नव्हता ते पण सांगितलं. तुझी खाट कुठल्या भिंतीला आहे तेसुद्धा सांगितलं, ताई.

शनिवारी येणार आहेत. गाडी शनिवारी मिळतेय त्यांना. तिला कुठे तरी ने.

मला क्षमा कर म्हणायला तोंड नाही. तरी म्हणते.

धाकटी


१४ एप्रिल, मंगळवार

धाकटे,

तुझं पत्र आणि ती गाडी एकाच वेळी गल्लीत शिरली. पोस्टमनला बाजूला व्हायला लावून गाडी पुढे आली, पांढरी, सामानाची. पोस्टमनने पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा रंगारी गाडीच्या मागच्या उघड्या भागातून उडी मारून उतरत होता. म्हणून मी ते नंतर वाचलं, एका डोळ्याने, दुसरा बंद होता.

सांगते, सांगते, क्रमाने सांगते. असा दिवस पुन्हा नाही यायचा.

अंगणात बावीस टोपल्या वाळत घातल्या होत्या, निळ्या आणि पिवळ्या, ओल्या. पोरगी टोपलीवाल्याच्या शेजारी बसली होती. रंगारी आत आला आणि आधी टोपल्यांकडे गेला. हो! बायकोकडे नाही. एका पट्ट्यावरून अंगठा फिरवला, बघितला, आणि तिला म्हणाला, "दुसरा हात दिला नाहीस. वीण दिसतेय." खरंच दिसत होती, ती वाळायचीच होती अजून. मला त्याही वेळी राग त्या बोलण्याचाच आला जास्त.

मग म्हणाला, "आजी, बायको न्यायला आलोय."

मी म्हटलं, "ती टोपली खाली ठेव, रंग ओला आहे."

त्याने ठेवली नाही. माझ्या तोंडावर मारली. वेत कमी लागतो, पण कडेची तार लागते. भुवई फुटली, रक्त डोळ्यात, म्हणून तो डोळा बंद. भावाने मला गळ्याला धरून भिंतीला लावलं, पाय माझे जमिनीवर नव्हते. मी त्याच्या हाताला चावले. दोन दात त्याच्या मनगटात राहिले. तसेही ते हलतच होते, मी म्हणणार होते डॉक्टरला काढून टाका.

रंगाऱ्याने पोरीला केसांनी धरलं, त्याच गुलाबी जागेच्या बाजूला, जिथे आता कुठे लव आली होती. आणि ओढत नेलं, टोपल्यांमधून. टोपल्या फुटत गेल्या दोन्ही बाजूंनी, तिची पाठ निळी-पिवळी. ती ओरडली नाही, धाकटे. मी ओरडत होते, ती नाही. ती जाता जाता जमिनीवर हात फिरवत होती, काही तरी चाचपत.

तेवढ्यात शिंपीण. या वेळी दोन्ही चपला स्वतःच्या. ती सरळ आली आणि भावाच्या मांडीत कापड कापायची कात्री घातली, मुठीपर्यंत. वर म्हणाली, "हलू नकोस, जास्त फाटेल." तो असा किंचाळला की बहिरी बाहेर आली! शपथ घेऊन सांगते, बहिरी आली. तिने ब्रश धुवायच्या टर्पेंटाइनचा डबा रिकामा केला, निम्मा भावावर, निम्मा माझ्यावर. माझ्या फुटलेल्या भुवईवर ते पडलं तेव्हा मी कोणकोणाच्या आयांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

आणि टोपलीवाला, तो मवाळ माणूस, ज्याला मुंगी मारवत नाही, तो उठला. वीण ठोकून घट्ट बसवायची लोखंडी पट्टी असते त्याची, वीतभर, जड. ती घेऊन तो रंगाऱ्यासमोर उभा राहिला आणि थरथरायला लागला. नुसता थरथरत उभा. रंगाऱ्याने त्याला एक ठोसा दिला, नाकाचं हाड आत गेलं, तो पडला, आणि पट्टी पोरीच्या हाताशी पडली.

तिने ती घेतली. डाव्या हाताने, त्याच काठीसारख्या.

पहिला फटका त्याच्या गुडघ्यावर. तो वाकला, केस सुटले. दुसरा खांद्यावर. तो आडवा झाला आणि उजवा हात जमिनीवर टेकला, उठायला. तिने त्या मनगटावर पाय दिला. त्याने वर बघितलं. तिने विचारलं, अगदी हळू, मी जवळ होते म्हणून ऐकू आलं: "ठेवतोस का हात?"

मग मारलं. एकदाच लागलं असतं, हाड पहिल्याच फटक्याला मोडलं, मी आवाज ओळखला, तू लिहिलेला वाळक्या काडीचा. म्हणजे तेव्हा वाचला नव्हता, पण नंतर वाचला तेव्हा म्हटलं हाच. तिने दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्यांदा. तो आईला हाका मारत होता. मनगट मनगटासारखं राहिलंच नाही, पिशवीसारखं झालं. ती थांबेना. शिंपीण म्हणाली आजी, थांबवा तिला. मी थांबवू शकले असते, तीन पावलांवर होते. मी थांबवलं नाही. मी मोजत होते. सहाव्यानंतर शिंपीण, बहिरी आणि मी, तिघी लागलो तिला मागे ओढायला, आणि तरी सातवा बसला.

त्याची आई गाडीत पुढच्या सीटवर बसली होती, पहिल्यापासून. उतरली नाही. काच खाली, मांडीवर पर्स. बघत होती सगळं. भावाने लंगडत लंगडत रंगाऱ्याला गाडीत मागे घातलं, तेव्हा तिने मला बोटाने बोलावलं. मी गेले, तोंडातून रक्त थुंकत.

ती म्हणाली, "आज आमची तयारी नव्हती. पुढच्या रविवारी येतो. सकाळी अकराला. तिला तयार ठेवा."

आवाज इतका गोड की मी आपली सवयीने विचारून बसले, "किती जण असाल?"

म्हणाली, "अजून मोजलं नाही. बरेच होतील." आणि काच वर केली.

पोलीसवाला आला सगळं झाल्यावर. मोडलेल्या टोपल्या बघितल्या, आणि वहीत लिहिलं, टोपल्यांवरून शेजाऱ्यांत वाद. मी म्हटलं, रविवारचं पण लिहा. म्हणाला, झालं नाही ते कसं लिहू?

टोपलीवाल्याचं नाक बसवलं, पण वाकडंच बसलंय, तो म्हणतो श्वास आधीपेक्षा बरा येतो. माझ्या भुवईला सहा टाके. शिंपिणीने मोजले आणि मान हलवली, चांगले आहेत म्हणाली.

आता तुझं. तुझ्यावर रागावले होते. दीड दिवस. खाटेचं का सांगितलंस ते मला पटेना, खाटेशी त्याचा काय संबंध? मग पोरगी म्हणाली, "आजी, मीही सांगायची, विचारलं नसलं तरी. तेवढा वेळ तो मारत नाही, ऐकत असतो." तू दोन बोटं मोडू दिलीस आणि खोटं बोललीस. माझं तर एकही मोडलेलं नाही, मी तुला कुठल्या तोंडाने बोलू? त्यातही दोन दात कमी.

पोरगी तशी बरी आहे. पाठ सोलवटलीय, पालथी झोपते. पण काल तिने मला विचारलं, "आजी, सातवा मी का मारला?" मी म्हटलं, चुकून बसला असेल. ती म्हणाली, "नाही. तेव्हा तो रडत होता, आणि मला बरं वाटत होतं." मी तिला जवळ घेतलं. तुझ्या भावजींच्या मांडीला मलम लावताना मला काय वाटायचं ते मी तिला सांगितलं नाही. तुलाही सांगत नाही.

बावीसपैकी चार टोपल्या वाचल्या. आज सकाळपासून ती पुन्हा बसलीय आणि मी फिरवतेय. लाल काढलाय या वेळी. हा तिने स्वतः शोधलाय, त्यात काही कालवायचं नाही, डब्यातून सरळ. पहिला हात वीण गिळतेच आहे, पण दुपारी दुसरा देऊ.

गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. खाटिकाने दुकान बंद ठेवून येतो म्हटलंय, सुरे घेऊन. शिंपिणीच्या शिकाऊ मुली येणार आहेत, आठ जणी, प्रत्येकीकडे कात्री असते. बहिरी पाणी उकळत ठेवणार. मी पण दुधाचं मोठं पातेलं काढून घासलंय. तू शनिवारच्या बसने ये, एका हाताने काय जमेल ते कर, निदान बसून बघ. नात म्हणते, दारात पहिली ती स्वतः उभी राहणार, आम्ही सगळे तिच्या मागे. त्यावरून माझं आणि तिचं भांडण चालू आहे, अजून मिटलेलं नाही.

विसरेन म्हणून दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलंय, तुलाही लिहिते: एकोणीस तारीख, रविवार, सकाळी अकरा.

ताई